राणीसाहेबांचा घसा

मारुतीअण्णा पेंटरांच्या बाहुल्यांच्या खेळाचं पोस्टर लागलं, की मी आधी त्याचा खालचा कोपरा बघत असे. वर राजा, राणी, राक्षस, डोळे दिपतील असे लाल-पिवळे रंग; आणि खाली मराठीत अन् कन्नडमध्ये एक ठरलेली ओळ: 'राणीसाहेबांचा घसा बसला आहे. क्षमा असावी.'

अकरा वर्षं, अहो! गल्लीतले लोक सांगायचे, अकरा वर्षं ही ओळ अशीच आहे. एवढ्या काळात माणसाचा घसा दहादा बसून दहादा सुटतो. पण ह्या लाकडी बाईचा काही सुटायचं नाव नाही. खेळात राजा बडबडायचा, राक्षस गर्जायचा आणि राणी नुसती मान हलवायची. ती काय म्हणते ते विदूषक सांगायचा, तेही मुद्दाम उलटं. लोक पोट धरधरून हसायचे. मीही हसायची. काय डोकं आहे ह्या पेंटरचं, म्हणायची.

मी हुबळीच्या मराठी शाळेत मास्तरीण. अण्णांच्या शेजारी राहायला येऊन मला चारच वर्षं झाली होती. अण्णा एकटेच असायचे. बायको, सुमित्राक्का, मी यायच्या आधी वारलेली. घरभर रंगाचे डबे, नाटक कंपन्यांचे कापडी बोर्ड आणि खुंट्यांना टांगलेल्या कळसूत्री बाहुल्या. पहिल्या दिवशी मी त्यातल्या राक्षसालाच नमस्कार केला होता.

त्यांच्या कामात कुणी खोट काढली, की उत्तर एकच: "दुरून नोड्री!" नोड्री म्हणजे बघा. अर्धं मराठी, अर्धं कन्नड, आमच्याकडे सगळे असंच बोलतात. "पोस्टर नाकाला लावून बघायची वस्तू हाय का, टीचर?"

एकदा एक नट तणतणत आला. बोर्डावर त्याची मिशी वाकडी झाली होती. अण्णा म्हणाले, "दुरून नोड्री." नट दोन पावलं मागं गेला. "अजून दूर." बिचारा मागं मागं जात रस्ता ओलांडून थेट मिरचीवाल्याच्या पोत्यात बसला. शिंका देत, डोळे चोळत उठला तेव्हा अण्णा गंभीरपणे विचारतात, "आता दिसली का सरळ?"

निवडणुकीत तर कहर. एका उमेदवाराला त्यांनी भीमाच्या जुन्या बोर्डावरच रंगवला. पाऊस पडला, वरचा रंग उतरला आणि हात जोडलेल्या उमेदवाराच्या खांद्यावर गदा उगवली. तो भांडायला आला. अण्णा म्हणाले, "दुरून नोड्री, वजन वाढलंय तुमचं!" भाकरी करपली तरी हेच. मी म्हणायची, "अण्णा, भाकरी दुरून कशी खायची?"

मग मीच त्यांचा खेळ आमच्या शाळेत ठरवला. पोस्टर शाळेच्या भिंतीवर लागलं. ओळ होतीच. मोठी माणसं ती वाचून हसतात, पण माझ्या तिसरीच्या वर्गाने ती खरी मानली. दुसऱ्या दिवशी माझ्या टेबलावर ही रांग! कुणी ज्येष्ठमध आणलेलं, कुणी खडीसाखर, कुणी कागदात हळद. "बाई, राणीला द्या."

हसू आवरत मी ती पिशवी घेऊन अण्णांच्या दारात गेले. जिभेला हाड नाही माझ्या. म्हटलं, "घ्या, औषध आलंय! आणि एकदा डॉक्टरला तरी दाखवा त्या राणीला!"

अण्णा ब्रश पुसत होते. "दाखवलं हुतं, टीचर," ते म्हणाले. "उशीर झाला."

मला कळेचना. मग त्यांनीच सांगितलं. राणीचा आवाज सुमित्राक्कांचा. एका खेळाच्या आदल्या दिवशी त्यांचा घसा बसला, म्हणून अण्णांनी पोस्टरवर ती ओळ लिहिली. "म्हटलं, चार दिसांत बरं वाटंल. पण घशातलं दुखणं मोठं निघालं. ती गेली. आता ती ओळ पुसली, की संपलंच की सगळं."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. चार वर्षं मी ज्याला दाद देत होते, ते हे होतं.

अण्णांनी पिशवी उघडली. ज्येष्ठमधाची कांडी हुंगली. ती पुन्हा कागदात नीट गुंडाळली आणि म्हणाले, "पोरांनी औषध धाडलंय. राणी बोलली न्हाई, तर त्यांनी काय समजायचं?" मग माझ्याकडे बघून, "तुमचा वर्ग आख्ख्या गल्लीला ऐकू येतोय. तुम्ही बोलता का?"

खेळाच्या दिवशी मी पडद्याआड उभी होते. घसा माझाच कोरडा पडलेला. राणी आली. मी म्हटलं, "महाराज, फार दिवस मी गप्प बसले. आता माझं ऐका."

राणी हललीच नाही. वर बघितलं, तर दोऱ्या धरलेले अण्णांचे हात तसेच थांबलेले आणि गालांवरून पाणी वाहतंय. काय करावं सुचेना. शेवटी मी माझा वर्गातला आवाज लावला, "महाराज! ऐकलंत का?"

तेव्हा कुठे राणीचा हात हळूच वर उठला. आणि बाहेर तिसरीच्या वर्गाने असा काही गिल्ला केला, की हेडमास्तर धावत आले.

खेळ संपल्यावर अण्णांनी राणीला सुमित्राक्कांच्या जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळलं आणि चालू लागले. बरं झालं म्हणाले नाहीत, वाईटही नाही. आपलं काही चुकलं की काय, म्हणून मी आठवडाभर चुटपुटत होते.

मग एका सकाळी समोर नवं पोस्टर दिसलं. रंग अजून ओला. मी कोपरा वाचायला वाकले, तर मागून आवाज आला, "हितनं न्हाई, टीचर. दुरून नोड्री!"

मी मुकाट्याने रस्ता ओलांडला आणि तिथून वाचलं: 'राणीसाहेबांना आता जरा बरं वाटत आहे. काळजी नसावी.'