कुंदा सिस्टरांचा केसपेपर

कॉम्प्युटर सुरू करायच्या आधी कुंदा सिस्टर कॅबिनेटला उलटा हात लावतात. लहान मुलाच्या कपाळाला लावतात तसा. "ताप नाही," असं स्वतःशीच म्हणतात आणि मगच बटण दाबतात. बंद मशीनला कसला आलाय ताप, असं मी एकदा म्हणून बसलो. "पेशंटला उठवायच्या आधी हात लावून बघायचा," त्या म्हणाल्या. "सदतीस वर्षांची सवय. ती काय तुझ्यासाठी मोडू?"

बोर्ली पंचतनच्या बाजारात माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. गावात थोडाफार मान आहे, लोक संदेशशेठ म्हणतात. सिस्टर मात्र भर दुकानात, गिऱ्हाइकांसमोर, "ए संद्या" अशी हाक मारतात. त्या सरकारी दवाखान्यात नर्स होत्या आणि पंचक्रोशीतल्या निम्म्या लोकांना पहिली सुई त्यांनीच टोचलेली. "मला नको शिकवूस, तुझ्या कुल्ल्यावर माझी सही आहे," असं वर ऐकवतात.

त्यांचं एक वाक्य गावात प्रसिद्ध आहे. बारसं असो, हळद असो, सत्यनारायण असो, सिस्टर दारातूनच प्रसाद घेणार आणि म्हणणार, "बसत नाही, ड्युटी आहे." रिटायर होऊन सहा वर्षं झाली तरी तेच.

त्यांचे यजमान महादेवकाका पेणकडचे, मिठागरवाल्या घरातले. उभा जन्म ट्रक चालवला. आधी मीठ वाहिलं, मग मिळेल ते. बायकोची इकडे बदली झाली तेव्हा बिऱ्हाड गोणीत भरून तिच्या मागोमाग आले. बायकोच्या बदलीवर आलेला नवरा आमच्या गावानं तोवर पाहिला नव्हता. दीड वर्षापूर्वी त्यांना पॅरालिसिसचा झटका आला. उजवा हात अर्धामुर्धा राहिला आणि बोलण्यातले दोनच शब्द शिल्लक उरले, हाय आणि न्हाय. व्यायामासाठी दिलेला रबरी चेंडू त्यांनी कोंबड्यांवर भिरकावला. दिवसभर पडवीत बसून असायचे.

एक दिवस सिस्टर दुकानात आल्या. "संद्या, ट्रक चालवायचा गेम असतो म्हणे. स्टेअरिंगसकट."

"कोणासाठी?"

"पेशंटसाठी. आणि ड्रायव्हर उजवीकडे बसणारा हवा हां. यांना डावीकडे बसवशील तर उठून जातील."

मी जुन्या मशीनमध्ये पडद्यावर चित्रं उमटवणारं जुनंच ग्राफिक्स कार्ड घालून त्यांच्या घरी जोडून दिलं. काकांच्या हाती स्टेअरिंग दिलं आणि तो अर्धा हात आपोआप त्याच्याभोवती मिटला. सिस्टर भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिल्या. पण घाट लागला, झाडी आली, आणि चित्र अडखळायला लागलं. एक क्षण पुढे, एक क्षण ठप्प. काकांना गरगरलं. "न्हाय," म्हणाले आणि उठले. रोज असंच. पाच मिनिटं झाली की न्हाय. तेवढ्यानं हात कसा सुधारणार?

"कार्डाची ताकद तेवढीच," मी सांगितलं.

आठवड्याभरात सिस्टर मोबाइलवर व्हिडिओ बघून परत हजर. "ओव्हरक्लॉकिंग केलं तर? कार्डाला ठरल्या वेगापेक्षा जोरात पळवायचं."

मी ताडकन उठलो. "सिस्टर, त्या फंदात पडू नका! जळेल ते."

"सलाइन भसाभस सोडलं तर माणूस पण मरतो. म्हणून आम्ही कोणाला लावलंच नाही का?"

झालं. दवाखाना उघडला. आधी पेशंटची आंघोळ, म्हणजे ब्रशनं कार्डावरची धूळ साफ. "इथल्या खाऱ्या हवेत माणूस गंजतो, हे तर यंत्र." मग औषधाआधीची तपासणी, म्हणजे काही न बदलता अर्धा तास कार्डाला पळवून ताप किती चढतो ते पाहिलं. जुन्या केसपेपरच्या कोऱ्या बाजूवर रकाने आखले: नाडी, ताप, लक्षणं. नाडी म्हणजे कार्डाचा वेग. व्होल्टेज म्हणजे बीपी. "बीपीला आपण हात लावायचा नाही, ते डॉक्टरांचं काम."

"पंधरा दे, वीस मिनिटं बघ," हा त्यांचा मंत्र. वेग पंधरा मेगाहर्ट्झनं वाढवायचा, चाचणी लावायची, आणि शेजारच्या स्टुलावर बसून अडकित्त्यानं सुपारी कातरत वीस मिनिटं पडद्याकडे बघायचं. ताप ऐंशी डिग्रीच्या पुढे गेला की पंखा वाढवायचा, तरी उतरला नाही तर मागे यायचं. पडद्यावर रंगीत ठिपके दिसले तर ते पुरळ. पुरळ दिसलं की औषध कमी.

मला कुठला एवढा धीर! पाचव्या दिवशी काका गाडी चालवत होते, सिस्टर भात उतरवायला आत गेल्या, आणि मी हळूच वेग एकदम शंभरनं वाढवला. पडदाभर पुरळ उठलं आणि अंधार झाला. काकांचे हात स्टेअरिंगवरून उडाले. ते स्वतःच्या हातांकडे बघत राहिले. त्यांना वाटलं, आपणच गाडी कुठेतरी घातली. "न्हाय, न्हाय, न्हाय," एवढंच म्हणत होते.

"सलाइन उघडं सोडलंस ना, मेल्या!" सिस्टर पळी घेऊनच धावत आल्या.

मशीन बंद करून चालू केलं, कार्ड ठणठणीत. काका मात्र आठ दिवस त्या खोलीत आले नाहीत. "कार्ड परत चालू होतं रे," सिस्टर म्हणाल्या. "यांचं काय करू?" त्या ओरडतच राहिल्या असत्या तर बरं झालं असतं. मला खरंच लाज वाटली.

त्यांनी पुन्हा शून्यापासून सुरुवात केली. पंधरा दे, वीस मिनिटं बघ. वाढ एकशेपाचवर पोचली तेव्हा एक ठिपका दिसला. लगेच तीस मागे आल्या आणि तिथे तासभर चाचणी लावली. पुरळ नाही, ताप चौऱ्याहत्तर. "इथे पेशंट सुखी आहे." फायदा किती, तर सेकंदाला पाच चित्रं जास्त. मी म्हटलं, "एवढ्या खटाटोपाची पाचच?"

"बाळाचं वजन पन्नास ग्रॅमनं वाढलं तरी मी आईकडे पेढे मागायचे," त्या म्हणाल्या.

त्या दुपारी त्यांनी काकांना बोलावलंच नाही. नुसता गेम लावला. ट्रकच्या इंजिनाचा आवाज घरभर घुमायला लागला आणि या बाई स्टुलावर सुपारी कातरत बसल्या. थोड्या वेळानं पाय ओढत काका आले. खुर्चीच्या पाठीला धरून उभे राहिले. मग बसले.

घाट लागला. झाडी आली. चित्र अडखळलं नाही. पाच मिनिटं झाली, दहा झाली, पंधरा झाली. सिस्टर केसपेपर घ्यायला उठल्या तोच काकांनी गाडी बाजूला घेऊन थांबवली. मला वाटलं, आलं आता न्हाय. पण त्यांनी डावीकडे वळून रिकाम्या स्टुलावर आपला तो अर्धा हात ठेवला, दोनदा थोपटलं, आणि सिस्टरांकडे बघून म्हणाले,

"येतेस?"

दीड वर्षातला तिसरा शब्द.

"दर खेपेला निघताना विचारायचे रे," त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या. "क्लीनरला मागे बसवतो, तू चल, म्हणायचे. आणि मी दर वेळी…" पुढचं त्या बोलल्याच नाहीत. बोलायची गरजही नव्हती, ते ड्युटीचं वाक्य अख्ख्या गावाला पाठ आहे. "एकदा पण गेले नाही."

त्यांनी केसपेपर आणि पेन्सिल माझ्या हातात दिली.

"ताप तू बघ," म्हणाल्या. "मी यांच्याबरोबर चाललेय."

पदर खोचून त्या स्टुलावर बसल्या. ट्रक सुरू झाला. पहिल्याच वळणावर सिस्टरांनी नसलेल्या खिडकीतून डावा हात बाहेर काढला, क्लीनर काढतो तसा, आणि ओरडल्या, "जाऊ दे, जाऊ दे, जाऊ देऽऽ!"

"हाय!" काका म्हणाले.

मी ताप लिहीत राहिलो. एकाहत्तर. मला आकडे नीट दिसत नव्हते, पण एकाहत्तरच असावा.