शिदूमामा आणि निळी बासुंदी

शिदूमामांचा चेहरा मी पाहिला, त्याच्या आधी दोन मिनिटं त्यांच्या गालाची आतली बाजू पाहिली होती. तीही चारशेपट मोठी करून.

त्याचं असं झालं. सत्तर साल उलटून गेलं होतं. मी मूळची सांगलीची, कराडच्या एका कॉलेजात जीवशास्त्राची डेमॉन्स्ट्रेटर म्हणून नुकतीच लागले होते. पहिल्याच सकाळी प्रयोगशाळेत शिरले तर टेबलावर सूक्ष्मदर्शक मांडून ठेवलेला. सहज डोळा लावला. फिक्या निळ्या पेशी आणि प्रत्येकीच्या मधोमध गडद ठिपक्यासारखं केंद्रक. मी स्वतःशीच म्हणाले, "किती सुंदर आहेत."

"माझ्याच हायत," मागून आवाज आला.

पन्नाशीचा, काटकुळा माणूस. खाकी कपडे, पांढरी टोपी, हातात दात कोरायची काडी. हे आमच्या प्रयोगशाळेचे अटेंडंट, शिदूमामा.

"केंद्रक बगितलं न्हवं? बोलायचं काम न्हाई," ते म्हणाले. "ह्या कालेजात पंधरा वर्सं झाली, म्याडम. निम्म्या जिल्ह्यानं आमाला आतनं बगितलंय."

यात अतिशयोक्ती नव्हती. प्रॅक्टिकल साधं असतं. काडीनं गालाच्या आतून खरवडायचं, काचेवर पसरायचं, निळ्या रंगाचा थेंब टाकायचा. पण खेड्यातून आलेल्या मुली चारचौघांत तोंड उघडायला लाजत, आणि मुलांच्या गालातून पेशींपेक्षा तंबाखूच जास्त निघे. मग मामा पुढे होऊन आपला गाल देत. एका तुकडीला एक गाल पुरत असे.

परीक्षेला बाहेरून आलेले परीक्षक एकदा चष्मा पुसत म्हणाले, "तुमच्या विद्यार्थ्यांच्या पेशींत विलक्षण साम्य आहे."

"एकाच कृष्णेच्या पान्यावर वाढल्याली पोरं, सायेब," मामा म्हणाले. परीक्षकांनी सगळ्यांना पास केलं.

एसटीत एकदा मी मामांबरोबर होते. कंडक्टर आमचा जुना विद्यार्थी निघाला. त्यानं एका पैलवानाला उठवून मामांना जागा दिली. पैलवान कुरकुरला तेव्हा कंडक्टर म्हणाला, "उठा हो. ह्यांना मी आतून ओळखतो."

पण गाल हा मामांचा नुसता व्यवसाय होता. खरं वेड प्रथिनांचं. आमचे विभागप्रमुख वर्गात शिकवत आणि मामा दाराशी फडकं हातात घेऊन ऐकत. तास संपला की मुलं शंका विचारायला मामांकडे जात.

"आरं, पेशी म्हंजे नुसती पिशवी न्हवं गड्या. आत लय वर्दळ हाय. आन कामं करतंय कोन? प्रोटीन. दारावर प्रोटीन, अन्न फोडाय प्रोटीन, निरोप न्यायला प्रोटीन. केंद्रक नुसतं बसून हुकूम सोडतंय, आपल्या प्राचार्यावानी."

खिशात त्यांच्या कायम तीन बाटल्या आणि एक काचेची नळी असे. एकीत कॉस्टिक सोडा, दुसरीत मोरचुदाचं पाणी. या दोन्हींचे थेंब टाकल्यावर नळीतला पदार्थ जांभळा झाला की त्यात प्रथिन आहे असं समजायचं. तिसरीत आयोडीन, ते पिठाला लागलं की निळं-काळं होतं. सोड्यानं त्यांच्या सगळ्या सदऱ्यांचे खिसे चाळणीसारखे झाले होते.

"नळीत बगू," हे त्यांचं उत्तर कशालाही असे. डाळ चांगली आहे म्हटलं, नळीत बगू. जावई चांगला मिळाला म्हटलं, तरी नळीत बगू.

दुष्काळात सरकार खडी फोडणाऱ्यांना सुकडी, म्हणजे भाजलेल्या पिठाचा पौष्टिक खाऊ, वाटत होतं. मामांनी आपल्या गावाहून, म्हसवडहून, ती पुडीत बांधून आणली. नळी गर्द जांभळी झाली. तशीच नळी घेऊन ते प्राचार्यांच्या खोलीत गेले. "सरकारनं बराबर केलंया. वर कळवा."

एकदा त्यांनी सगळ्या स्टाफरूमला सांगितलं, "थुकीत एक प्रोटीन हाय, भाकरीच्या पिठाची साखर करतंय. शंभरदा चावून बगा." आठवडाभर आम्ही सगळे डोळे मिटून भाकरी चावत होतो. गणिताचे सर चावता चावता झोपले, त्यांचा तास बुडाला. भाकरी मात्र खरंच गोड लागायची.

मग लोणंदचं लग्न झालं. आमचे हेडक्लार्क भाऊसाहेब यांच्या मुलीचं. पंगतीत बासुंदी आली. भाऊसाहेब स्वतः आग्रह करत होते. "घ्या मामा, निव्वळ म्हशीचं दूध आटवलंय."

मी मामांचा हात धरायच्या आत ते म्हणाले, "नळीत बगू," आणि आयोडीनचा थेंब पडला.

बासुंदी निळी झाली.

पंगत थांबली. लोक आपापल्या वाट्या नाकाशी धरू लागले. नवऱ्याकडच्या एका काकांना हा प्रकार फारच आवडला. त्यांनी मामांना हाताला धरून भाताच्या पातेल्याकडे नेलं. भातही निळा झाला. भात निळा होणारच, तांदळात पीठ असतंच, हे मी चारदा ओरडून सांगितलं, पण तोवर वऱ्हाडात भातात औषध घातल्याची बातमी पसरली होती. एक आजोबा तर न जेवताच गाडीत जाऊन बसले. मामा मला शांतपणे म्हणाले, "आवं, मी कुटं काय म्हनलं? रंग बोलला."

भाऊसाहेबांनी सूड घेतला तो कागदावर. पंधरा दिवसांनी हुकूम आला: प्रयोगशाळेतल्या जुन्या काचा तपासाव्यात, निकामी फेकाव्यात, बाकीच्या धुऊन वापरात आणाव्यात. मामा तेव्हा जत्रेसाठी गावी गेले होते, म्हणून काम माझ्यावर आलं. कपाटाच्या खालच्या खणात एक लाकडी पेटी सापडली. आत पिवळट पडलेल्या काचा, रंग उडालेल्या, लेबलं निघालेली. मी सगळ्या घमेल्यात टाकल्या आणि वर सोड्याचं गरम पाणी ओतलं.

तेवढ्यात मामा दारात आले. हातात माझ्यासाठी प्रसादाची पुडी. त्यांनी रिकाम्या पेटीकडे पाहिलं.

"म्याडम, ह्यातल्या काचा?"

मी घमेल्याकडे बोट केलं. पुडी टेबलावर टाकून त्यांनी त्या कढत पाण्यात कोपरापर्यंत हात घातले. "मामा, भाजेल," मी म्हणाले, पण ते ऐकत नव्हते. एकेक काच वर काढायची, खिडकीकडे धरायची, बाजूला ठेवायची. आठवी-नववी काच त्यांनी बाजूला ठेवली नाही. तिच्या कोपऱ्यावर हिऱ्याच्या पेन्सिलीनं 'स' कोरलेला होता. वरची पातळ काच एका कडेनं सरकली होती, पण सुटली नव्हती.

"कुणाची आहे?" मी विचारलं.

"आमच्या मंडळीची," मामा म्हणाले. "सखू."

ते स्टुलावर बसले. हात लाल झाले होते.

"नवा लागलो तवा मोठं सर मला पक्की, वर्सानुवर्सं टिकनारी काच कराय शिकवत हुतं. ही डबा घिऊन आल्याली. म्हनलं, तोंड उघड. तर हसाय लागली. किती येळ हसतच हुती. पुढच्या पावसाळ्यात तापानं गेली. फोटू काढू काढू म्हनत ऱ्हायलं. हे येवढंच हाय."

मी घमेल्यात गार पाणी ओतलं.

"पेशी काय, कुनाच्याबी सारक्याच दिसत्यात. मला ठावं हाय, म्याडम," ते पुढे म्हणाले. "पन ह्या तिच्या हायत. आता रंग उडालाय. दोन वर्सं झाली, काय दिसतच न्हाई. परत रंगवता येतील का?"

मी काच हातात घेतली. नव्यानं रंगवायचं तर वरची काच सोडवावी लागणार, आणि त्यात पेशी वाहून जाण्याची भीती होती. मी तसं सांगितलं. त्यांनी मान हलवली. "मग नगं."

मी काच फडक्यानं हलकेच टिपली, सूक्ष्मदर्शकावर ठेवली. खरंच, नुसता पांढरा उजेड होता. मग मी खालची झडप हळूहळू बंद करत आणली. उजेड कमी झाला तशी एक अगदी बारीक कड वर आली, मग तिच्या शेजारी दुसरी. मी उठून मामांना जागा दिली.

त्यांनी टोपी काढून बाजूला ठेवली आणि डोळा लावला. बाजूची चकती ते सावकाश पुढे-मागे फिरवत राहिले.

"दिसली," मामा म्हणाले.