तिसऱ्या रांगेतला खोकला

"माझं नाटक माझ्याच जिवावर उभं राहणार! बाबा, तुम्ही थिएटरच्या आसपाससुद्धा फिरकायचं नाही!"

मंत्र्यांच्या धाकट्या लेकीने घर सोडताना असं ठणकावलं होतं. तिला निवडणुकीला उभं करायचा बाबांचा बेत तिने उधळला, आडनाव आईचं लावलं, नाटक लिहिलं आणि त्यात स्वतःच नायिका झाली. ती कोणाची मुलगी हे फुटलं असतं, तर टाळ्या आपल्याला पडल्या की बाबांच्या खुर्चीला, हे तिला जन्मात कळलं नसतं.

पहिला प्रयोग झकास रंगला. शेवटी नायिका रिकामी बादली घेऊन पुढे येते आणि प्रेक्षकांनाच विचारते, "बोला, आमचं पाणी कुठे अडलंय?" मग नुसती शांतता आणि हळूहळू अंधार. या शांततेपायी तिने तालमीत सगळ्यांचा जीव खाल्ला होता.

तिने विचारलं. शांतता पसरली. आणि तिसऱ्या रांगेत कोणीतरी घसा खाकरला.

तो खोकला ती पाळण्यात असल्यापासून ऐकत आली होती. त्याच्यामागून नेहमी भाषण येतं!

बाबा उठले होते! सदैव पांढऱ्या कपड्यांतला माणूस आज फुलाफुलांच्या शर्टात, कानावर ओढलेल्या टोपीत! चोरून आले होते, चोरूनच जाणार होते बिचारे. पण समोर बाई, हातात रिकामी बादली आणि वर प्रश्न! इतक्या वर्षांची सवय, पाय आपोआप उभे राहिले.

"ताई, तुमची व्यथा मी जाणतो!" पोटच्या पोरीला ताई! "लवकरच पाणी येईल. हा शब्द आहे माझा, म्हणजे तुमच्या लाडक्या..."

"नाव नको!" ती किंचाळली. "तारीख सांगा!"

"आपण समिती नेमू..."

"बसा खाली!"

"बसा खाली!" अख्खं थिएटर ओरडलं. बाबांना हे आजवर कोणी ऐकवलं नव्हतं. ते मुकाट्याने बसले. दिवेवाल्याने घाबरून अंधार केला आणि टाळ्यांचा नुसता कडकडाट झाला.

प्रयोगानंतर रंगपटात एक समीक्षक आले. नाटकांची सालं काढण्यात त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं.

"बाई, नाटक खणखणीत! प्रेक्षकांत नट बसवलात, कमाल केलीत! फक्त त्याला बदला. फार खोटा वाटतो हो. खरा पुढारी असा बोलेल का?"

तिचा जीव भांड्यात पडला. कोणीही ओळखलं नव्हतं! टाळ्या तिच्याच होत्या, अगदी तिच्या एकटीच्या!

समीक्षक गेले आणि कपड्यांच्या रांगेमागून फुलाफुलांचा शर्ट बाहेर आला. आता आभाळ फाटणार म्हणून तिने अंग चोरलं.

"छान लिहितेस गं," बाबा हळूच म्हणाले. मग घसा खाकरून, "उद्याचा प्रयोग कधी आहे? मी जरा सुधारतो."

ती इतकी हसली की डोळ्यांत पाणी आलं.

"बाबा, आमच्याकडे ओळखीवर कामं मिळत नाहीत. सकाळी ऑडिशनला या, आणि रांगेत उभे राहा!"