निमदेफो म्हणतो

निमदेफोला येणार नाही असा प्रश्न अजून कुणाच्या आईने जन्माला घातलेला नाही, असं मी स्टाफरूममध्ये टेबलावर हात आपटून जाहीर केलं, तेव्हा माझ्या तोंडात अर्धं उकडलेलं अंडं होतं. त्यामुळे वाक्याचा रुबाब थोडा कमी झाला असेल. पण आवाज सेर्वा मॅडमच्या केबिनपर्यंत पोचला, आणि घोळ तिथूनच सुरू झाला.

सेर्वा मॅडम आमच्या मुख्याध्यापिका. त्यांनी मला बोलावलं.

"ओबिरी सर, यंदा यामचे कंद खूप आलेत. शाळेच्या कोठारात मावत नाहीत. तुमची कॉम्प्युटरची खोली कोरडी आहे, हवेशीर आहे."

"मॅडम! तिथे निमदेफो आहे!"

"तो काय खातो?"

"वीज."

"आणि देतो काय?"

दोन वर्षं! दोन वर्षं मी तीन मोडके कॉम्प्युटर एकत्र जोडून, त्यांच्यापुढे उभा पंखा लावून, तो ऐकेल, बझर दाबेल आणि बोलेल असा गडी तयार केला होता. वीस वर्षांच्या क्विझचे सगळे प्रश्न त्याला पाजले होते. मी म्हटलं, "स्थापनादिनाला आपल्या मुलींच्या टीमशी लावा त्याला! हरला तर सोमवारी मी स्वतः डोक्यावरून याम आणून रचतो."

"ठरलं," मॅडम म्हणाल्या. हा शब्द त्या इतक्या पटकन म्हणाल्या की मला वाटलं, त्या याचीच वाट बघत होत्या.

आता तुम्ही आमच्याकडचे नसाल तर सांगतो, आमच्या आद्वुमाक्रोम गावात क्विझ म्हणजे पोरखेळ नाही. टीम हरली तर बाजारातल्या बायका त्या मास्तरला टोमॅटोसुद्धा नीट निवडून देत नाहीत. आणि आमची कप्तान दुफी म्हणजे सोळा वर्षांची नुसती मिरची! स्पर्धेच्या आदल्या दिवशी ती निमदेफोसमोर येऊन उभी राहिली, त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि मला म्हणाली, "सर, याला घाम का येतोय?"

"घाम नाही, पंख्यावरचा दमटपणा आहे तो."

"घाबरलाय बिचारा," ती म्हणाली आणि गेली.

स्थापनादिनाला मी निमदेफोला पंख्यासकट मैदानावर आणून मांडलं, आणि खुद्द नाना आले. नाना म्हणजे आमच्या गावचे राजे. शाळेची जमीन त्यांच्या आजोबांनी दिलेली, त्यामुळे शाळेत त्यांचा शब्द शेवटचा. पुढे ढोल, डोक्यावर गोल फिरणारी मोठी छत्री, आणि शेजारी सोनेरी मुठीची काठी घेतलेले ओक्यामे. नानांशी कुणी थेट बोलत नाही. जे काही सांगायचं ते ओक्यामेंना सांगायचं, मग ते नानांना सांगतात. नाना जे पुटपुटतात ते ओक्यामे सभेला खणखणीत आवाजात ऐकवतात. हे आमच्याकडे रांगणाऱ्या पोरालाही ठाऊक असतं.

मी निमदेफोला कान दिले होते, तोंड दिलं होतं. कधी गप्प बसायचं, हे तेवढं शिकवायचं राहून गेलं होतं.

नाना स्थानापन्न झाले, ओक्यामेंच्या कानाशी काहीतरी बोलले. ओक्यामे उठले. "नाना म्हणतात, ज्या शाळेच्या पाठीशी राजघराणं उभं आहे, तिला कसली भीती? हत्तीच्या मागून चालणाऱ्याच्या अंगाला दव लागतं का?"

टूंSSS!

बझर वाजला.

"होय, लागतं," निमदेफो स्पीकरवरून ठणठणीत आवाजात म्हणाला. "हत्तीच्या पावलाची रुंदी सुमारे पन्नास सेंटीमीटर. बाकीचं गवत ओलंच राहतं."

मैदानावर आठशे माणसं होती. एकही खोकला नाही. छत्री फिरवणारा माणूस फिरवायची थांबला!

नानांनी हळूच विचारलं, "कोण बोललं हे?"

टूंSSS! "मी, निमदेफो."

"थेट माझ्याशी?"

टूंSSS! "होय."

ओक्यामेंनी काठी जमिनीवर आपटली. "अरे, याला आईबाप आहेत की नाहीत?"

टूंSSS! "नाहीत."

मी वायरवर झडप घातली. माइक उपटला, चुकून पंख्याचीही वायर उपटली, आणि त्या गडबडीत मॅडमच्या पायावर पाय दिला. तोवर नानांसकट दरबारी मंडळी उठून उभी राहिली होती. राजा सभेतून रागाने उठून गेला की शाळेचं काय होतं, हे मला शेजारच्या गावावरून माहीत होतं. मॅडमचा चेहरा राखेसारखा झाला होता. "ओबिरी सर," त्या दातांतून म्हणाल्या, "याम सोमवारी नाही. आजच!"

मी चपला काढल्या, अनवाणी पुढे गेलो, आणि ओक्यामेंच्या पायाशी गुडघे टेकले. "आजोबा, तो लहान आहे. माझं चुकलं. नानांना सांगा, माझं चुकलं!"

ओक्यामे सत्तर वर्षांचे, काटकुळे, डोळे मात्र मिस्कील. ते वाकून नानांशी बराच वेळ कुजबुजले. शेवटी ते सरळ झाले.

"नाना म्हणतात, एक मेंढा आणि जिन दारूच्या दोन बाटल्या. मास्तरकडून."

"देतो! आजच देतो!"

"आणि या पोरक्याला तोंड नाही. त्याने माझ्या कानात सांगायचं, सभेला मी सांगेन. आजचा दिवस मीच त्याचा ओक्यामे."

सभा हसली. नाना बसले. माझा जीव भांड्यात पडला, आणि पुढच्याच क्षणी बाहेर आला, कारण या व्यवस्थेचा अर्थ माझ्या ध्यानात यायला लागला होता.

पहिली फेरी झकास झाली. प्रत्येकाला दहा वेगळे प्रश्न, बरोबर उत्तराला तीन गुण, वेळेचं बंधन नाही. मी माइक आणि पंखा परत जोडला आणि ओक्यामेंची खुर्ची स्पीकरला चिकटवून ठेवली. निमदेफोने दहाच्या दहा सोडवले. मुलींचे तीन चुकले. तीस विरुद्ध एकवीस! मी मॅडमकडे पाहून मान डोलावली. त्यांनी पाय चोळत दुसरीकडे पाहिलं.

मग आली वेगाची फेरी. प्रश्न तीनच, तेही आघाडीवर असलेल्याला आधी. प्रश्न संपल्यापासून दहा सेकंदांत उत्तर, नाहीतर ते समोरच्यांकडे.

मॅडमनी विचारलं, "सर्वांत हलकं मूलद्रव्य कोणतं?"

निमदेफो चार सेकंद गुरगुरला. मग टूंSSS! "हायड्रोजन."

ओक्यामे सावकाश उठले. खांद्यावरचं कापड सारखं केलं. खाकरले. "नाना, आणि जमलेले वडीलधारे हो! मूलद्रव्यांच्या मोठ्या घरात, जिथे लोखंडासारखे जाडजूड काका बसलेत, तिथे दाराशी एक धाकटं लेकरू खेळतंय..."

टण्! घंटा झाली.

"वेळ संपली. मुली?"

"हायड्रोजन!" दुफी म्हणाली.

"बरोबर!"

मी उडालोच. "चोरी! धडधडीत चोरी! मॅडम, तिने आमचंच उत्तर ऐकून सांगितलं! अख्ख्या मैदानाने ऐकलं!"

"सर," मॅडम थंडपणे म्हणाल्या, "ओक्यामेंच्या तोंडून येईपर्यंत ते कुणीच ऐकलेलं नसतं. तुम्ही काय या गावात नवीन आलात?"

सभेतून "खरंय, खरंय!" असा गजर झाला. दुफीने माझ्याकडे पाहून इतका साळसूद चेहरा केला, की ती साखर खाऊन आलीय की काय असं वाटावं. पुढचे दोन प्रश्नही तसेच गेले. निमदेफो सांगायचा, ओक्यामे सजवायचे, घंटा व्हायची, दुफी उचलायची. तीस-तीस!

मध्यंतरात मी ओक्यामेंपुढे हात जोडले. "आजोबा, थोडक्यात सांगा ना! एकच शब्द असतो हो. तेवढा टाका आणि बसा."

"बाळा," ते केळं सोलत म्हणाले, "नागडा शब्द राजासमोर उभा करत नाहीत. त्याला कापड नेसवावं लागतं."

"पण माझी खोली जाईल हो! दोन वर्षांचं काम आहे. याम रचतील तिथे, याम!" माझा आवाज फाटला. खोटं कशाला सांगू, डोळ्यांत पाणीही आलं.

त्यांनी माझ्याकडे जरा वेळ पाहिलं आणि अर्धं केळं माझ्या हातात दिलं.

मग मला अवदसा आठवली! निमदेफो आधी ऐंशी टक्के खात्री करायचा आणि मगच बझर दाबायचा. त्यात चार सेकंद जायचे. दहातले चार गेले की ओक्यामेंना उरायचे सहा, आणि सहा सेकंदांत त्यांचं खाकरणंसुद्धा पुरं होत नव्हतं. मी घाईघाईत त्याच्या प्रोग्रॅममध्ये शिरलो आणि ऐंशीची पाच टक्के करून टाकली. आता प्रश्न कानावर पडला रे पडला की बझर! आपल्याच हुशारीवर मी इतका खूश झालो की उरलेलं केळं सालीसकट खाल्लं.

शेवटचं एकच कोडं उरलं होतं. आधी बझर दाबेल त्याने आधी उत्तर द्यायचं, आणि जो सोडवेल तो जिंकला. मॅडमनी कागद उघडला, तेवढ्यात नाना पुटपुटले आणि ओक्यामे उठले.

"नाना म्हणतात, शेवटचं कोडं ते घालणार. त्यांच्या कोड्याला घड्याळ लावायचं नाही."

घड्याळ नाही! म्हणजे ओक्यामेंनी पार संध्याकाळपर्यंत सजवलं तरी चालेल! मी मनातल्या मनात नाचलो. मग एकदम आठवलं, ते पाच टक्के! ते आता परत ऐंशी करायला हवं! मी उठलो. मॅडमनी माझं मनगट धरलं. "नाना बोलताहेत. हलायचं नाही."

ओक्यामेंनी कोडं सांगायला सुरुवात केली. "मी राजाला..."

टूंSSS!

"...उचलतो, आणि मला दुसरे उचलतात," ओक्यामे बझरकडे ढुंकूनही न बघता पुढे म्हणाले. "तो बसला की मी उभा. तो उठला की मी आडवा. मी कोण?"

मैदानातल्या प्रत्येक माणसाला उत्तर माहीत होतं. बालवाडीतल्या पोरांनाही! राजाचं आसन. राजा उठला की ते आडवं करून ठेवतात, रिकाम्या आसनावर भलतंसलतं काही येऊन बसू नये म्हणून. पण निमदेफोला मी चंद्रावरच्या विवरांची नावं शिकवली होती, बेडकाच्या हाडांची संख्या शिकवली होती. स्वतःच्या घरातलं स्टूल शिकवलं नव्हतं.

दुफी खुर्चीच्या टोकावर येऊन बसली होती. पण बझर आमचा होता, आधी बोलण्याचा मान आमचा. निमदेफो गुरगुरला. पंखा फिरत राहिला. मी देवाला मेंढा बोलून बसलो, आधीचा द्यायचा होता तो सोडून.

"मला माहीत नाही," निमदेफो म्हणाला.

आठशे जणांनी ऐकलं. म्हणजे कुणीच ऐकलं नाही. सगळे ओक्यामेंकडे बघत होते. मी डोळे मिटले, आणि माझ्या खोलीत छतापर्यंत रचलेले याम मला स्पष्ट दिसले.

ओक्यामे उठले. कापड सारखं केलं. खाकरले. आणि त्यांनी चक्क माझ्याकडे पाहिलं.

"नाना, आणि वडीलधारे हो! निमदेफो म्हणतो, सकाळी मी तोंड उघडलं आणि अपमान केला. आईबाप नसलेल्या पोराला कोण शिकवणार? पण दिवसभर या सभेत बसून मी शिकलो. हे कोडं राजाच्या घरचं आहे. घरचं उत्तर घरच्या लेकीने द्यावं. पाहुण्याने ते तिच्या तोंडून काढून घेऊ नये. म्हणून मी गप्प बसतो."

मग बायकांच्या बाजूने एक आरोळी उठली, आणि सगळं मैदान उठलं! ढोल वाजायला लागले. त्या गलक्यात दुफी ओरडली, "आसन! राजाचं आसन!" आणि मुली जिंकल्या.

मी हरलो. पण नाना हसत होते. अगदी खांदे हलवून हसत होते! ते ओक्यामेंशी बोलले.

"नाना विचारतात, सकाळचं उद्धट पोर दुपारपर्यंत इतकं शहाणं कसं झालं? त्याला ही रीत कुणी शिकवली?"

आता एखाद्या सभ्य माणसाने खरं सांगितलं असतं. मी हात वर केला.

ओक्यामेंच्या भुवया एवढ्या वर गेल्या! पण ते नानांच्या कानाशी वाकले.

"नाना म्हणतात, अशा गुणी लेकराला खोलीबाहेर काढायचं नाही. त्याची खोली त्याचीच."

सेर्वा मॅडम पुढे झाल्या. "आजोबा, नानांना विचारा, मग याम कुठे ठेवू?"

नाना पुटपुटले. ओक्यामेंच्या मिशीत हसू मावेना. "नाना म्हणतात, ज्याने रीत शिकवली त्याच्या घरी. आणि मेंढा माफ झालेला नाही."

तर आता माझ्या बैठकीच्या खोलीत छतापर्यंत याम आहेत आणि मी त्यांच्यावर चटई टाकून झोपतो. सोमवारी सकाळी ओक्यामे काठी घेऊन कॉम्प्युटरच्या खोलीत हजर झाले. "नेमणूक एका दिवसाची होती, पण पोरक्याला असं वाऱ्यावर कसं सोडायचं?" तेव्हापासून ते रोज येतात. मुलं येतात, मुलांचे आईबाप येतात, बाजारातल्या बायका येतात, प्रश्न विचारतात. निमदेफो एक शब्द बोलतो, ओक्यामे त्याला कापड नेसवतात, आणि लोक खूश होऊन जातात. पंखासुद्धा आता निमदेफोकडे नाही, ओक्यामेंकडे तोंड करून असतो.

गेल्या आठवड्यात दोन दिवस वीज नव्हती. निमदेफो ठार बंद! मी धावत खोलीवर गेलो, म्हटलं लोकांना परत पाठवावं. बघतो तर रांग पार दाराबाहेर, आणि आतून तोच खणखणीत आवाज, "निमदेफो म्हणतो..."

कुणाच्या काही लक्षातच आलं नव्हतं! दोन वर्षं राबून मी जे यंत्र बनवलं, ते चालू आहे की बंद, हे विचारायचंसुद्धा कुणाला सुचलं नव्हतं. मला भयंकर राग आला. मी तरातरा पुढे गेलो.

"ओबिरी सर, रांगेत या!" दुफी ओरडली.

मी रांगेत उभा राहिलो. तासाभराने माझा नंबर लागला. ओक्यामेंनी कापड सारखं केलं, खाकरले आणि म्हणाले, "विचार, बाळा."

मी आजूबाजूला पाहिलं, आवाज खाली आणला आणि विचारलं, "यामना कोंब फुटायला लागलेत हो. काय करू?"

"निमदेफो म्हणतो," बंद यंत्रावर हात ठेवून ते म्हणाले, "यामला अंधार लागतो, वारा लागतो, आणि त्याच्यावर मास्तर झोपलेला चालत नाही."

काल रात्रीपासून मी व्हरांड्यात झोपतो. याम बरे आहेत.