एकशे बारावा सॅल्यूट

लेफ्टनंट कर्नल दिनकर जगदाळे यांच्या बढतीची तारीख एकोणीस वर्षांनी सात महिने मागे सरकली, आणि त्या सात महिन्यांत त्यांना मेजर समजून एकशे बारा जवानांनी केलेले सॅल्यूट नियमाप्रमाणे बाद झाले.

बाद झाले म्हणजे पुन्हा करून घेणं आलं. माणशी एक, समक्ष, दोन्ही बाजूंनी गणवेशात. कचेरीनं तसं कळवलं आणि पत्रामागोमाग हवालदार यासीन मुजावर नावाचे कारकून काखोटीला जाड रजिस्टर मारून कोरेगावात साहेबांच्या दारात हजर झाले. व्हरांड्यात खुर्ची टाकून बसले आणि म्हणाले, "मंगळवारी पाचपर्यंत एकशे बारा पुरे झाले पाहिजेत, साहेब. एक जरी राहिला तरी तारीख जुनीच कायम होते. मग पुन्हा अर्ज नाही."

या तारखेसाठी साहेबांनी काय म्हणून केलं नव्हतं? त्यांचा कागद कुणीतरी भलत्याच गठ्ठ्यात बांधून ठेवला, तेवढ्यात बरोबरीचे पुढे गेले आणि हाताखालचे डोक्यावर बसले. तेव्हापासून साहेबांनी कचेऱ्यांचे उंबरे झिजवले. निवृत्त झाले, केस पांढरे झाले, पण हट्ट सुटला नाही. माणूस तसा सरळ, पण या एका गोष्टीवरून जेवताना ताट सरकवणारा. त्यांची बायको प्रमिलाबाई म्हणायच्या, "अहो, सात महिने म्हणजे काय जन्म आहे का?" साहेब पुढचा अर्ज लिहायला घ्यायचे.

प्रमिलाबाईंनी पँटचा हूक दोन बोटं पुढे घेऊन दिला आणि रविवारी सकाळी साहेब अंगणात ताठ उभे राहिले. माणसं यायला लागली. एक जण दुधाच्या टेम्पोतून उतरला. एक बँकेच्या दारावरचा राखणदार, दुपारची पाळी बुडवून आलेला. एकाला अर्धांग झालेलं, त्याला दोन मुलांनी धरून आणलं. पण फाटकाच्या आत पाऊल टाकताच त्यानं मुलांना बाजूला सारलं आणि दोन वर्षं न हललेला हात सरळ कपाळापाशी नेला. गल्लीतली माणसं चहा प्यायची विसरून कठड्याला टेकली होती, त्यांच्या अंगावर काटा आला. साहेबांनी हात उचलून सॅल्यूट घेतला, तसा त्याचा हात खाली आला आणि पुन्हा लुळा झाला. मुजावरांनी नोंद केली.

रीतच आहे तशी. साहेबानं हात उचलून सॅल्यूट घेतल्याशिवाय जवानाचा हात खाली येत नाही. घेतला की जवान पाठमोरा वळतो आणि आला तिथे परत जातो.

मंगळवारी दुपारी साडेचारपर्यंत एकशे अकरा झाले. साहेबांनी रजिस्टरमध्ये शेवटचं नाव वाचलं आणि त्यांचा चेहरा उतरला.

"मुजावर, हा लान्स नायक हणमंत खिलारे. हा बर्फात गेला. चौकीवरून मीच पाठवला होता गस्तीला. सापडला पण नाही."

"कल्पना आहे, साहेब. पण यादीतून नाव काढायची तरतूद नाही. रेकॉर्डवर पत्ता आहे तिथे नोटीस पाठवली."

"तिथे म्हणजे कुठे?"

"चौकीच्या उत्तरेला, बर्फात. पोचपावती आली आहे." मुजावरांनी रजिस्टरमधून एक कागद काढून दाखवला. कागद ओलसर होता. खाली हणमंत खिलारेची सही होती, साहेबांनी शंभरदा पाहिलेली, शेवटी रेघ ओढायची सवय असलेली.

साहेबांनी त्या रेघेवरून बोट फिरवलं. ते काही बोलणार तोच फाटक वाजलं.

एप्रिलचं ऊन मी म्हणत होतं आणि फाटकातून खिलारे आत आला. वय तेच, चोवीस. अंगावर पांढरा बर्फातला कोट, बुटांवर बर्फ, आणि तो वितळत नव्हता. शेजारच्या कट्ट्यावरचे दोन म्हातारे आपसूक उठून उभे राहिले. खिलारे बरोबर तीन पावलांवर थांबला, टाच वाजवली आणि कडक सॅल्यूट ठोकला.

"राम राम, साहेब."

साहेबांचा उजवा हात सवयीनं वर निघाला. कमरेपर्यंत आला आणि तिथेच थांबला.

"अहो, हात," प्रमिलाबाई दारातून म्हणाल्या. मग त्यांचं त्यांनाच उमगलं. त्या पायरी उतरून आल्या, साहेबांचं मनगट धरलं आणि हळूच म्हणाल्या, "नका उचलू."

मुजावरांनी पेन टेकवून ठेवलं होतं. "साहेब, घ्या ना. हा झाला की तारीख तुमची."

"आणि नाही घेतला तर?"

"पाच वाजता तारीख जाईल."

"याचं काय होईल?"

मुजावरांनी नियमावली उघडली, दोन पानं मागे गेले, एक पुढे आले. "एकदा केलेला सॅल्यूट परत करता येत नाही. तुम्ही घेईपर्यंत जवान तसाच राहील. मात्र जपून, साहेब. तुमचा उजवा हात याच्यासमोर कपाळाच्या आसपास जरी गेला, तरी घेतला असं धरतात."

साहेबांनी दोन्ही हात पाठीमागे घेतले. मग ते खिलारेकडे वळले. "खिलारे, तुझी आई आहे अजून. रहिमतपूरच्या अलीकडे, वस्तीवरच राहते. चल."

"जी, साहेब."

साहेबांनी आपली जुनी मारुती काढली. मुजावर रजिस्टर घेऊन पुढे बसले, खिलारे मागे उजव्या अंगाला. हात कपाळाशी असल्यामुळे त्याचं कोपर खिडकीबाहेर राहिलं. समोरून आलेल्या एसटीच्या ड्रायव्हरनं ते बघून हात वर केला, तेव्हा साहेबांनी दचकून मुजावरांकडे पाहिलं. पण मुजावर म्हणाले, ड्रायव्हरचा चालत नाही.

"थंडी वाजते का रे तिथे?" साहेबांनी विचारलं.

"पहिल्यांदा वाजली, साहेब. मग नाही."

वाटेत पाच वाजले. मुजावरांनी घड्याळ पाहिलं, साहेबांकडे पाहिलं, आणि साहेबांचे हात स्टिअरिंगवरून सुटत नाहीत म्हटल्यावर रजिस्टर मिटून मांडीवर ठेवलं. एकोणीस वर्षं ज्या तारखेसाठी जीव टाकला ती हातची गेली. साहेबांना वाटलं होतं, छातीत कळ येईल. आलं ते भलतंच, इतकं हलकं की त्यांना गाडीचा वेग कमी करावा लागला.

वस्तीवर सोनाबाई खिलारे चुलीपुढे भाकरी थापत होती. पंचाहत्तरीची, वाळून काटकी झालेली म्हातारी. दारात सावली पडली तशी तिनं मान वर केली. बघतच राहिली. परातीतलं पीठ हाताला तसंच.

"आलास?"

"आलो, आये."

ती उठली, त्याच्या तोंडावरून पिठाचा हात फिरवला. बर्फागत गार लागलं तरी हात काढला नाही. किती वेळ तशीच उभी होती कुणास ठाऊक, तव्यावरची भाकरी जळाली. मग म्हणाली, "हात खाली कर की."

"साहेबांनी घेतल्याबिगर येत न्हाई, आये."

म्हातारीनं साहेबांकडे पाहिलं. साहेब उंबऱ्याच्या बाहेर उभे होते, हात पाठीमागे.

"आई, मी घेतला की हा परत जाईल. म्हणून घेत नाही." आणि मग एका दमात, "मीच पाठवला होता त्याला त्या दिवशी. अर्ध्या तासाच्या वाटेवर राहतो मी, पण इथं यायला एकोणीस वर्षं मला तोंड नव्हतं."

"म्हाईत हाय मला," सोनाबाई म्हणाली. "तवाच्या पत्रात समदं लिवलं हुतंसा तुमी. कुणी लिवत न्हाई तसं." तिनं डोळे पुसले, चुलीपुढे पाट मांडले. "या, बसा. ऊन ऊन हाय तवर खावा."

तिनं दोन ताटं वाढली. भाकरी, वांग्याचं कालवण, वर कच्चा कांदा. मुजावर बाहेर बाजेवर बसले, त्यांना तिथेच ताट दिलं. खिलारेचा उजवा हात कपाळाशी, मग म्हातारीच त्याला भरवायला लागली. तो चोवीस वर्षांचा जवान लहान पोरासारखा तोंड उघडत होता आणि ती एकेक घास फुंकर घालून देत होती. साहेबांना वाटलं, देवळात बसावं तसं गप्प बसावं.

त्यांच्या ताटातून वाफ येत होती. उजवा हात तोंडाशी न्यायचा म्हणजे कपाळ तिथून वीतभरच. उगाच कशाला जोखीम घ्या. त्यांनी उजवा हात मांडीखाली दाबून धरला आणि डाव्या हातानं भाकरीचा तुकडा मोडायला लागले. जमेना. तुकडा कालवणात पडला.

सोनाबाईनं ते बघितलं. उजव्या हाताकडे बघितलं, मग साहेबांच्या तोंडाकडे. हणमंताला घास दिला, दुसरा घास मोडून कालवणात बुडवला, फुंकर घातली, आणि हात लांब करून साहेबांच्या तोंडापुढे धरला.

साहेबांनी तोंड उघडलं.