ढेमश्याची निर्दोष सुटका

महालक्ष्म्यांची पंगत उठली, की ढेमश्या भातकुलीला रवाना होणार होता. चिंतामणरावांच्या ह्या निर्णयात आता प्रत्यक्ष ब्रह्मदेव आला तरी बदल होणार नव्हता.

ढेमश्या म्हणजे त्यांच्या मुलीचा, इशिताचा, कुत्रा. तिनं तो ओढणीत गुंडाळून आणला तेव्हा भाजीच्या ढेमशासारखा गोल गरगरीत होता, म्हणून हे नाव. पुढे इशिताला पुण्यात नोकरी लागली. ती गेली आणि ढेमसं अमरावतीला राहिलं. बघता बघता त्याला हातभर पाय फुटले, आणि माणसाच्या पोरांना मिसरूड फुटताना जे होतं तेच त्याचंही झालं, म्हणजे होती नव्हती तेवढी अक्कलही गेली. "बस" म्हटलं की तो उठायचा, "ये" म्हटलं की पळायचा. जोडे खायचा, पण प्रत्येक जोडीतला एकच, म्हणजे दुसरा ठेवता येऊ नये आणि टाकवूही नये. एकदा त्यानं शेजाऱ्यांचा वाळत घातलेला पायजमा आणून चिंतामणरावांच्या आरामखुर्चीवर ठेवला. तो परत करायला ते गेले, तर शेजारीण म्हणाली, "सर, तुमच्याजवळ नसन तं राहू द्या, आमचे हे आता तो घालत नाहीत." रुक्मिणीनगरात तीस वर्षं मान वर करून चाललेल्या माणसाला हे ऐकावं लागलं.

हेही त्यांनी गिळलं असतं. पण परवा त्यांच्या पत्नीनं, विमलताईंनी, सोवळ्यासाठी उंच दांडीवर वाळत घातलेलं लुगडं त्यानं उडी मारून ओढलं, त्याची गादी केली आणि वर झोपला. त्या दिवशी चिंतामणरावांनी भातकुलीला फोन लावला. तिथली त्यांची थोडीशी जमीन नत्थुजी बटाईनं, पिकाच्या वाट्यावर, कसत होते.

"द्या ना सर," नत्थुजी म्हणाले, "वावरात रानडुकरं लई येऊन राहिले. मी जेवाले येतोच आहो, जाताना घेऊन जातो."

इशिता फोनवर रडली. चिंतामणरावांनी तिला शांतपणे समजावलं, म्हणजे तिच्यापेक्षा मोठ्या आवाजात.

त्यांच्या घराण्यात महालक्ष्म्या एक साल अकोल्याला थोरल्या भावाकडे आणि एक साल अमरावतीला बसत. यंदाची पाळी अमरावतीची. थोरले गोवर्धनराव आणि त्यांच्या पत्नी माणिकबाई आदल्या दिवशीच येऊन दाखल झाले होते. माणिकबाईंच्या सोवळ्याला अख्ख्या अकोल्यात तोड नव्हती. भाजीकडे मांजर नुसतं बघून गेलं, तरी त्या ती भाजी बाजूला काढायच्या. आल्या आल्या त्यांनी ढेमश्याकडे बोट दाखवून विचारलं होतं, "हे कुठी राहीन?"

"मागं, बांधून," चिंतामणराव म्हणाले. "आणि उद्यापासून भातकुलीले."

"बरं केलं भाऊजी," माणिकबाई म्हणाल्या, आणि विमलताई सोळा भाज्या निवडायला बसल्या.

पूजेच्या दिवशी सकाळी चिंतामणरावांनी ढेमश्याला मागच्या अंगणात पेरूच्या झाडाला स्वतः बांधलं. गाठ स्काउटची होती. अशी गाठ त्यांनी पोरांच्या कितीतरी पिढ्यांना शिकवली होती आणि ती कधी सुटली नव्हती. मात्र ज्याला गाठ सोडता येत नाही तो दोर खाऊ शकतो, हे स्काउटच्या पुस्तकात नव्हतं.

दुपारी पुरणाच्या दिव्यांची आरती झाली. मुखवट्यांवर तेज आलं होतं, वर तळलेल्या करंज्या-पापड्यांचा फुलोरा डुलत होता. थोरल्या आणि धाकट्या महालक्ष्मीपुढे भरलेली ताटं मांडली गेली: पुरणपोळ्या, त्यावर तुपाची वाटी रिकामी केलेली, वडे, कढी, आंबील, भाज्या. मग रिवाजाप्रमाणे सगळे बाहेर आले आणि दार ओढून घेतलं. देवी जेवताना माणसानं बघायचं नसतं. बाहेरच्या खोलीत पंगत पानं मांडून बसली होती. देवीचं झाल्याशिवाय कोणी घास उचलत नाही, त्यामुळे सगळ्यांची नजर त्या दारावर होती.

घरातली थोरली सवाष्ण म्हणून माणिकबाईंनी टाळी वाजवली, दार ढकललं आणि त्या एकट्या आत गेल्या. दार त्यांच्यामागे लोटलं गेलं. एरवी त्या लगेच ताटं घेऊन बाहेर यायच्या. आज वेळ लागला. आत काहीतरी खडबडल्यासारखं झालं, स्वयंपाकघराकडच्या दाराची कडी वाजली आणि मग पुन्हा शांतता.

शेवटी दार उघडलं. माणिकबाईंचा चेहरा पांढरा पडला होता. त्यांच्या हातात दोन्ही ताटं होती, आणि ती ताटं घासूनपुसून ठेवावीत तशी लख्ख होती.

"जेवल्या," त्या म्हणाल्या.

पंगतीत कोणाचा तरी पेला कलंडला. नत्थुजींनी बसल्या जागी हात जोडले. स्वयंपाकघराच्या दारात उभ्या त्यांच्या बायकोनं, चंदाबाईंनी, डोळ्याला पदर लावला. चिंतामणरावांचा जुना विद्यार्थी पियुष उठला आणि त्यानं मोबाइल बाहेर काढला.

आता सांगायला हवं, की चिंतामणराव विज्ञानाचे मास्तर. निवृत्त होईपर्यंत दरवर्षी ते शाळेत 'चमत्कारामागचं विज्ञान' असा कार्यक्रम करत. नारळातून आग काढून दाखवत, पाण्याचं रक्त करून दाखवत, आणि शेवटी म्हणत, "पोरांनो, चमत्कार दिसला की आधी मागचं दार तपासा." त्यांनी आत्ता तेच केलं. ते मागच्या दारानं अंगणात गेले.

पेरूला अर्धा दोर लटकत होता. उरलेला अर्धा ढेमश्याच्या गळ्यात होता. तो सावलीत आडवा पसरला होता आणि त्याचं पोट संबळासारखं ताणलेलं होतं. दोर तोडून हा दिवटा आरतीच्या गर्दीत आत घुसला असणार, महालक्ष्म्यांच्या टेबलाला लावलेल्या साडीच्या झालरीमागे गारव्याला झोपला असणार, आणि दार बंद झाल्यावर जेवायलाच उठला असणार. चिंतामणरावांनी गुडघे टेकून त्याच्या तोंडाचा वास घेतला. तूप आणि जायफळ. तोंड मात्र स्वच्छ होतं. मिश्यांना पुरणाचा कण नव्हता. ह्याचं त्यांना थोडं आश्चर्य वाटलं, पण संतापात ते विसरले.

ते तडक स्वयंपाकघरात गेले. "विमल, कुत्र्यानं खाल्लं."

विमलताई पोळ्यांवर तूप सोडत होत्या. "हळू बोला. पंगत बसून राहिली."

"हळू? तिकडं लोक पाया पडून राहिले. मी जन्मभर पोराईले काय शिकवलं? आणि माझ्याच घरात..."

"जेवणं होऊ द्या," विमलताई म्हणाल्या. "मंग काय सांगाचं ते सांगा. आता ताक न्या बाहेर."

चिंतामणराव ताक घेऊन बाहेर गेले. जन्मभराची तत्त्वं छातीत खदखदत असताना हातात ताकाचा जग धरून "घ्या, घ्या" म्हणणं ही काय यातना असते, ती त्यांनाच ठाऊक. ज्याच्या त्याच्या तोंडी एकच विषय. "सर, तुमचं नशीब मोठं." "सर, तुमी मानत नोयते ना? पाहा आता." पियुष व्हिडिओ टाकून मोकळा झाला होता आणि त्याखाली त्यानं लिहिलं होतं, 'आपल्या विज्ञानाच्या सरांच्या घरी साक्षात महालक्ष्म्या जेवल्या.' पहिली पंगत उठायच्या आत गल्लीतल्या बायका हळदीकुंकवाची ताटं घेऊन फाटकाशी उभ्या राहिल्या. ज्यांना आमंत्रण दिलं नव्हतं तेही आले, आणि ज्यांना मुद्दाम दिलं नव्हतं ते सगळ्यात आधी आले.

शेवटची पंगत उठली, विड्याची पानं वाटली गेली, आणि चिंतामणरावांनी शाळेतल्या कार्यक्रमाला सुरुवात करताना काढत तो आवाज काढला. "सगळे एक मिनिट थांबा. नैवेद्य देवीनं खाल्ला नाही. आमच्या कुत्र्यानं खाल्ला."

माणिकबाईंनी हातातली सुपारी खाली ठेवली.

"कोणी पाह्यलं?" त्यांनी विचारलं.

"पाहाले कायले पाहिजे? दोर तुटलेला आहे. तोंडाले तुपाचा वास आहे."

"तोंड तं साफ आहे जी त्याचं," मागे जाऊन डोकावून आलेल्या चंदाबाई म्हणाल्या. "आणि या घरात आज कोणाच्या तोंडाले तुपाचा वास नाही?"

लोक हसले. चिंतामणरावांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. गुन्हेगार पकडलेला, पुरावा हाती, आणि वर त्यांच्यावरच हसणं, म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी. "ठीक आहे," ते म्हणाले. "आपण प्रयोग करू. पियुष, तुझा मोबाइल चालू ठेव. ह्या कुत्र्यापुढं पुरणपोळी ठेवल्यावर तो काय करते, ते सगळ्या जगानं पाहावं."

विमलताई म्हणाल्या, "अहो, नका करू." पण प्रयोगाला निघालेला मास्तर थांबत नसतो.

ढेमश्याला पोर्चमध्ये आणलं गेलं. तो आला, पण गाभण म्हशीसारखा, एकेक पाय जपून टाकत. चिंतामणरावांनी एका ताटात दोन पुरणपोळ्या ठेवल्या, वर पळीभर तूप सोडलं आणि ताट त्याच्या नाकाखाली सरकवलं. सगळे माना पुढे करून बघू लागले.

ढेमश्यानं ताटाकडे पाहिलं, वास घेतला आणि खोल सुस्कारा सोडून तोंड फिरवलं.

"खा," चिंतामणराव म्हणाले.

ढेमश्यानं ताटाला वळसा घातला. मग, पोट जड झालं की कुत्री करतात तसं, त्यानं पुढचे दोन्ही पाय लांब पसरले, छाती जमिनीला टेकवली, डोकं खाली घातलं आणि अंग ताणलं. आता पोर्चमधून महालक्ष्म्यांची खोली सरळ समोर दिसते, ह्यात त्याचा काय दोष.

"दंडवत घातला," कोणीतरी पुटपुटलं.

"तो अंग मोकळं करून राहिला," चिंतामणराव ओरडले. "खा रे हरामखोरा. सकाळी भात ठेवला होता त्यालेही तोंड लावलं नाही, आता तरी खा."

हे त्यांनी सांगायला नको होतं. "म्हणजे सकाळपासून उपाशी आहे बापा," चंदाबाई म्हणाल्या, आणि मग कोणाला काही शंका उरली नाही. लोकांनी आधी देवीला केला तसाच नमस्कार ढेमश्यालाही केला. पियुषनं तेही टाकलं.

चिंतामणरावांकडे आता एकच गोष्ट शिल्लक होती. त्यांनी तुटका दोर नत्थुजींच्या हातात दिला. "न्या याले."

नत्थुजींनी दोर दोन्ही हातांनी परत केला. "नाई जी, सर. समोर पुरणपोळी असताना जे कुत्रं तोंड फिरवून देवीले दंडवत घालते, त्याले मी डुकरं हाकाले लावू? माझं वावर जळून जाईन."

"नत्थुजी, तुमी कबूल केलं होतं."

"तवा मले साधं कुत्रं वाटलं होतं," नत्थुजी म्हणाले, आणि चंदाबाईंना घेऊन, जाता जाता ढेमश्याच्या पायाला हात लावून, निघून गेले. चिंतामणराव पोर्चमध्ये उभे राहिले. तेलही गेलं, तूपही गेलं, आणि कुत्रं तेवढं राहिलं.

दुसऱ्या दिवशी विसर्जन झालं. मुखवटे पेटीत गेले, फुलोरा वाटला गेला. गोवर्धनराव रिक्षा बघायला कोपऱ्यावर गेले होते. माणिकबाई पोर्चमध्ये पिशवी घेऊन बसल्या होत्या, आणि ढेमश्या त्यांच्यापासून हातभर अंतरावर, जणू सोवळं पाळून, बसला होता.

"भाऊजी, रागावले काय?"

"रागावू नको तं काय करू?" चिंतामणरावांचा बांध फुटला. "वहिनी, तुमी वयानं मोठ्या. तुमाले कळाले नको? कुत्र्यानं नैवेद्य खाल्ला आणि तुमी खुशाल सांगता, देवी जेवल्या?"

"मी काय आंधळी आहो?" माणिकबाई शांतपणे म्हणाल्या. "दार उघडलं तं हा गधा धाकटीच्या ताटात मान घालून उभा. तोंड पुरणानं भरलेलं. मीच पुसलं माह्या सोवळ्याच्या पदरानं, आणि लाथ घालून स्वयंपाकघराच्या दारानं काढला."

चिंतामणराव पायरीवर बसले. ज्या बाईनं मांजराच्या नजरेपायी भाज्या टाकल्या, तिनं सोवळ्याच्या पदरानं कुत्र्याचं तोंड पुसलं होतं.

"पण काहून केलं असं?"

"मंग काय म्हणू? नैवेद्य बाटला म्हणू? बाहेर पंगत बसेल होती. एकानं घास घेतला नसता. विमल चार दिसांपासून उभी आहे चुलीपाशी, तिच्या नावानं जन्मभर बोट मोडले असते लोकाईनं. मंग स्वयंपाकघरात दुसरं ताट काढलं, मनातल्या मनात दाखवलं, माफी मागितली. देवीले कळते. लोकाईले कळत नाही."

"विमलले माहीत होतं?"

"तिलेही, चंदालेही. स्वयंपाकघरात सगळ्याईले. प्रयोग करणारे तुमी एकटेच होते."

आपल्या घरात विज्ञान कोणाला येतं, ह्याचा चिंतामणरावांना नव्यानं विचार करावा लागत होता. संताप अजून होता, पण तो नेमका कोणावर काढायचा ते आता ठरेना.

"एक काम आहे," माणिकबाई आवाज खाली आणून म्हणाल्या. "पुढच्या साली पाळी आमची. सगळं अकोला पाहून राहिलं तो व्हिडिओ. अमरावतीले जेवल्या, आमच्याकडं नाही जेवल्या, तं लोक काय म्हणतीन? माह्या हाताले चव नाही म्हणतीन. तीन दिवस याले पाठवा."

"वहिनी, ही फसवणूक आहे," चिंतामणराव ताडकन उठून म्हणाले. "मी शिक्षक आहे. हे मी होऊ देणार नाही. आणि त्याले तिथं पाहीन कोण? तुमच्याकडं मागं अंगण नाही, भर उन्हात गच्चीवर बांधान तुमी त्याले."

"मंग नाही पाठवत?"

कोपऱ्यावर रिक्षा वळली. ढेमश्यानं चिंतामणरावांची चप्पल, एकच, तोंडात धरली आणि त्यांच्या पायाशी आणून ठेवली. त्यांनी ती उचलली आणि तिची लाळ धोतराला पुसली.

"एकटा पाठवत नाही," ते घुश्श्यातच म्हणाले. "गाडीत मळमळते त्याले. मी घेऊन येईन."