शेवटी कोण जेवतं?

नागरगोजे सरांसमोर 'सगळे' हा शब्द काढायची सोय नव्हती. काढला की ते चष्मा कपाळावर सरकवत आणि अगदी प्रेमाने विचारत, "सगळे म्हंजे किती?"

एकदा परिपाठ संपल्यावर मुख्याध्यापक वैतागून म्हणाले, "सगळी पोरं उशिरा येतात." दुसऱ्या दिवशी सर फाटकाशी खुर्ची टाकून बसले. आठवडाभर बसले. शनिवारी त्यांनी शांतपणे सांगितलं, "उशिरा येणाऱ्यांत पोरांपेक्षा मास्तर जास्ती हायेत." मुख्याध्यापकांनी तो विषय पुन्हा काढला नाही.

केजला एका घरी आम्ही भेटायला गेलो होतो. घरातले म्हातारे वारले होते. ओसरीवर कुणीतरी म्हणालं, "आण्णा गेले आन् सगळं गाव रडलं." सरांचा हात चष्म्याकडे गेला. तेवढ्यात आतल्या दारातून सुमनकाकू, म्हणजे त्यांच्या पत्नी, अशा काही खोकल्या की हात आपोआप खाली आला.

सर गणित शिकवतात, मी मराठी. नांदूरघाटच्या वाटेवर आमच्या शाळेचं गाव आहे. तिथे एकाच मालकाच्या शेजारशेजारच्या घरांत आम्ही भाड्याने राहतो. मधली भिंत एकच, तीही पातळ. त्यामुळे सर मला शाळेतही ऐकू येतात आणि घरीही. मी फळ्यावर 'अथांग', 'असंख्य' असं काही लिहिलं की ते दारातून डोकावून म्हणायचे, "बाई, मराठीत विशेषणं फुकट मिळत्यात म्हणून किती उधळायची?"

मागच्या हिवाळ्यात सरांनी आठवीला सांख्यिकीचा धडा घेतला. आपणच एखादा प्रश्न काढा, माहिती गोळा करा, तक्ता करा, स्तंभालेख काढा, असा त्यात उपक्रम होता. बहुतेक ठिकाणी मुलं घरी बसून मनानेच आकडे टाकतात आणि गुण मिळवतात. सरांना ते चालणार नव्हतं. "प्रश्न असा काढा, ज्याचं उत्तर तुमाला ठाऊक न्हाई," ते म्हणाले.

मी शेजारच्या वर्गावर होते, सगळं ऐकू येत होतं. आवडता रंग झाला. आवडता खेळाडू झाला. सरांनी जांभई दिली. मग मागच्या बाकावरून रुक्मिणीचा आवाज आला. ही मेंढपाळाच्या घरची मुलगी. एरवी वर्गात तोंड उघडायची नाही.

"सर, घरात शेवटी कोण जेवतं?"

वर्ग हसला. "त्यात काय इचारायचं? आई! सगळ्यांचीच आई, सर."

"सगळ्यांची म्हंजे किती?" सर म्हणाले, आणि चौकशी सुरू झाली.

मुलं जोडीजोडीने गावात फिरली. पारावर बसलेल्या बाप्यांनी एकमुखाने सांगितलं, "आमी समदे संगच बसतो." मुलं त्याच घरांच्या चुलीपाशी गेली, तर तिथे वेगळंच ऐकायला मिळालं. गोंधळून एकाने विचारलं, "सर, ह्यातलं एक खोडू का?"

सर खुर्चीतून उठलेच. "खबरदार! एका घराची दोन उत्तरं आली, हितंच तर खरी मजा हाय. कुणाला इचारलं ते बी लिवा. आन् आता आठवडाभर कुणाला काय इचारू नका. आपापल्या घरात गप बसून बघा."

हे गावातल्या एका पुढाऱ्याच्या कानावर गेलं. ते तणतणत शाळेत आले. "गुरुजी, आमच्या घरात कोण कवा जेवतं, हे गणितात काहून आलं?"

सरांनी त्यांना खुर्ची दिली, चहा मागवला. मग विचारलं, "तुमच्याकडं कोण जेवतं शेवटी?"

"आमच्याकडं तसलं काय न्हाई. आमच्याकडं आमी..." पुढारी थांबले. "इचारून सांगतो," असं म्हणून अर्धा चहा तसाच ठेवून निघून गेले.

स्तंभालेख वर्गाच्या भिंतीवर लागला. 'आई'चा स्तंभ कागदात मावेना. मुलांनी वरून दुसरा कागद चिकटवला. शेजारी 'आजी' आणि 'थोरली सून' यांचे दोन बुटके स्तंभ. आणि अगदी कडेला एकच चौकोन, 'वडील'. तो रुक्मिणीने स्वतः रंगवला होता. तिची आई दोन पावसाळ्यांमागे वारली. बाप मेंढ्या वाड्यात घालतो, लेकरांना वाढतो आणि मग जेवतो. आपल्या घरासारखं अजून कुठे असतं का, एवढंच तिला पाहायचं होतं.

सरांनी त्या चौकोनावर बोट ठेवलं. "स्तंभ ल्हान हाय. पण खरा हाय. ह्याला मोठ्या स्तंभात ढकलायचं न्हाई."

मग कुणीतरी विचारलं, "सर, तुमच्या घरी?"

सरांनी खडू खाली ठेवला. एवढ्या वर्षांचा संसार, आणि उत्तर ठाऊक नव्हतं. "बघावं लागल," ते म्हणाले.

तीन-चार दिवसांनी सुमनकाकू माझ्याकडे आल्या. दारातच उभ्या राहून म्हणाल्या, "बाई, ह्यांना काय झालंय वो? ताट वाढलं तरी जेवत न्हाईत. म्हणत्यात, तू आधी बस. मी म्हणते, तुमी घ्या. त्ये म्हणत्यात, तू घे. भाकरी गार हुती नुसती."

"मग बसा की काकू!"

काकूंनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "बसले की एकदा. घासच उतरंना. लगीन झाल्यापसून ह्यांच्यासमोर जेवलेच न्हाई कधी. आधी सासूबाई व्हत्या, मग लेकरं. चुलीपाशी आपली एकटीच खायची सवय लागली. कुणी बघतंय म्हणलं की हात थांबतो." मग त्या हसल्या. "आता एकटी बसते म्हणलं तर त्ये उपाशी!"

मी म्हणाले, "सरांना सांगितलंत का हे?"

"काल सांगितलं. तर म्हणाले, मला ठाऊकच न्हवतं."

त्यानंतर काही दिवस काकू दिसल्या नाहीत. मीही विचारलं नाही. मग गावाकडच्या आमच्या शेतावरून हुरडा आला. दिवेलागणीला वाटीभर घेऊन मी त्यांच्याकडे गेले. दार उघडंच होतं.

सर सतरंजीवर भिंतीकडे तोंड करून बसले होते, नाक कॅलेंडरला टेकेल इतके जवळ. ताट मांडीवर. त्यांच्या पाठीमागे, हातभर अंतरावर, काकू बसल्या होत्या आणि जेवत होत्या. सर शाळेतली कसली तरी हकीकत भिंतीला सांगत होते आणि मधूनमधून घास घेत होते. काकू त्यांच्या पाठीकडे बघत मान डोलवत होत्या.

माझी चाहूल लागली तशी काकूंनी ताट चटकन पदराआड घेतलं. सरांनी मागे वळून पाहिलं नाही.

"कोण, बाई का? बसा जरा भाईर. तिचं हू द्या."

मी वाटी घेऊन पायरीवर बसले. आत भांडं वाजलं.

"ठेचा घेतला का गं?" सरांनी विचारलं.

"घेतला," काकू म्हणाल्या. तोंडात घास होता, शब्द अर्धवट उमटला. काकूंचा असा आवाज मी पहिल्यांदाच ऐकत होते.

सरही, बहुधा.